‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे बाय की टिल?

‘प्लीज सेंड द लिस्ट टिल फ्रायडे.’ पर्वरीच्या कचेऱ्यांपासून वेर्ण्याच्या कारखान्यांपर्यंत हे वाक्य रोज कुठे ना कुठे लिहिले जाते आणि खपूनही जाते. लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या, दोघांच्याही डोक्यात ‘शुक्रवारपर्यंत यादी पाठवा’ हेच मराठी वाक्य असते, मग इंग्रजी कसे का असेना. पंचाईत होते ती मेल मँचेस्टरच्या माणसाकडे गेला की. तो वाचतो : शुक्रवार उजाडेपर्यंत यादी पाठवत राहा, मग थांबा. एकच यादी आठवडाभर काय पाठवत राहायची, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

हा दोष नियम न येण्याचा नाही. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला नि तारखेला ‘ऑन’, महिन्याला नि वर्षाला ‘इन’, हे तो झोपेतही सांगेल. अडचण मराठीच्या बाजूची आहे. आपले प्रत्यय नामाला मागून चिकटतात आणि एकेक प्रत्यय दोन-दोन, तीन-तीन कामे करतो. इंग्रजीत ती कामे वेगवेगळ्या प्रिपोझिशनांनी वाटून घेतली आहेत. त्यामुळे योग्य प्रिपोझिशन शोधायचे तर इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाआधी आपलेच मराठी वाक्य उसवून पाहावे लागते. ते नीट उसवले की पुढचे काम फार उरत नाही.

‘पर्यंत’पासूनच सुरुवात करू, कारण वेळापत्रकातल्या निम्म्या चुका या एका शब्दाच्या आहेत. ‘सोमवारपर्यंत कचेरी बंद’ आणि ‘सोमवारपर्यंत अर्ज द्या’. पहिल्या वाक्यात एक स्थिती सलग चालू आहे, ती सोमवारी संपते. दुसऱ्यात एकच कृती आहे, ती सोमवार संपायच्या आत कधीतरी एकदा उरकायची आहे. सलग चालणाऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अंटिल’, एकदा उरकायच्याला ‘बाय’. ओळखायची खूण सोपी आहे : वाक्यात ‘सतत’ घालून पाहा. ‘सोमवारपर्यंत कचेरी सतत बंद’ हे चालते, तेव्हा ‘द ऑफिस इज क्लोज्ड अंटिल मंडे’. ‘सोमवारपर्यंत सतत अर्ज द्या’ म्हटले की हसू येते, तेव्हा ‘सबमिट द ॲप्लिकेशन बाय मंडे’.

गंमत म्हणजे या बाबतीत आपल्याला आजूबाजूचीही मदत नाही. कोकणीतला ‘मेरेन’ही दोन्ही कामे करतो, आणि जुन्या पिढीच्या तोंडी असलेल्या पोर्तुगीजमधला ‘अतॅ’ही. म्हणजे गोव्यात तीन भाषा जाणणाऱ्या माणसालाही ‘बाय’ आणि ‘टिल’ यांतला भेद तिन्हींपैकी एकीनेही शिकवलेला नसतो. ‘टिल’ आणि ‘अंटिल’ यांत मात्र अर्थाचा फरक नाही. ‘टिल’ हे ‘अंटिल’चे लघुरूप आहे असे बरेच जण समजतात, खरे तर ‘टिल’च जुना. पत्रात ‘अंटिल’ जरा भारदस्त दिसतो, एवढेच.

खरी कसोटी नकारार्थी वाक्यात लागते. ‘दाखला सोमवारपर्यंत मिळणार नाही.’ मामलेदार कचेरीच्या खिडकीवर हे वाक्य ऐकून माणूस परत फिरतो, पण सोमवारी यायचे की नाही? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. एक : सोमवार उजाडल्यावर मिळेल, तोवर नाही. दुसरा : सोमवार आला तरी तयार झालेला नसेल. समोरासमोर आवाजाच्या चढउतारावरून आपण अर्थ काढतो, नाहीतर ‘म्हणजे सोमवारी येऊ ना?’ असे विचारून घेतो. इंग्रजीत ही सोय प्रिपोझिशनमध्येच आहे. ‘इट विल नॉट बी रेडी अंटिल मंडे’ म्हणजे सोमवारी या, मिळेल. ‘इट विल नॉट बी रेडी बाय मंडे’ म्हणजे सोमवारी येऊ नका, फुकटची फेरी होईल. एका शब्दाने माणसाची काणकोणहून मडगावची खेप वाचते किंवा वाया जाते. नकारार्थी वाक्य लिहिताना म्हणून दोनदा थांबावे, आणि जमल्यास नकारच काढून टाकावा : ‘इट विल बी रेडी ऑन मंडे’. मला विचाराल तर हाच उपाय सर्वांत चांगला.

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही, हा नेहमीचा प्रश्न. साधारण वापरात धरायचा. शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत दिले तरी चालते. शुक्रवार नको असेल तर ‘बिफोर फ्रायडे’. सरकारी सूचनांत ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात ते याच शंकेला वाव राहू नये म्हणून, आणि ते लांबट वाटले तरी बिनचूक आहे. ‘अंटिल’च्या बाबतीत मात्र इंग्रजीही तितकी स्वच्छ नाही. ‘आय ॲम ऑन लीव्ह अंटिल ५ जून’ वाचून पाच तारखेला माणूस टेबलावर भेटेल की सहाला, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही सांगता येणार नाही. तिथे ‘आय विल बी बॅक ॲट वर्क ऑन ६ जून’ अशी जोड द्यावी. रजेच्या ऑटो-रिप्लायमध्ये हे एक वाक्य असले की दहा फोन वाचतात.

मुदत वाढवतानाही हाच ‘पर्यंत’ आडवा येतो. ‘मुदत ३० जूनपर्यंत वाढवली’ म्हणजे ‘एक्स्टेंडेड टू ३० जून’ किंवा ‘अंटिल ३० जून’. ‘१५ दिवसांनी वाढवली’ म्हणजे ‘एक्स्टेंडेड बाय फिफ्टीन डेज’. इथे ‘बाय’ किती वाढवली हे सांगतो. पर्यंतचे भाषांतर ‘बाय’ असे एकदा डोक्यात बसले की माणूस ‘द लास्ट डेट विल बी एक्स्टेंडेड बाय ३० जून’ लिहून मोकळा होतो. त्याचा अर्थ होतो, मुदतवाढ देण्याचे काम ३० जूनच्या आत करू. वाढीव तारीख कोणती, ते राहिलेच.

आता ‘-त’ आणि ‘-नी’. ‘दोन दिवसांत फोन करतो’ आणि ‘दोन दिवसांनी फोन करतो’ यांत आपल्या भाषेत स्वच्छ फरक आहे : पहिल्यात आज, उद्या किंवा परवा कधीही फोन येईल, दुसऱ्यात परवाच. ‘-त’ म्हणजे ‘इन’ असे आपण शाळेत शिकलो, म्हणून पहिल्याचे ‘आय विल कॉल यू इन टू डेज’ करतो. चूक तिथेच होते. पुढच्या काळाबद्दल बोलताना इंग्रजीतला ‘इन टू डेज’ म्हणजे आपले ‘दोन दिवसांनी’. ‘दोन दिवसांत’ला हवा ‘विदिन टू डेज’. फेरीबोट दहा मिनिटांत सुटेल, हे सांगायचे तर ‘विदिन टेन मिनिट्स’. दहा मिनिटांनी सुटेल, तर ‘इन टेन मिनिट्स’. बेतीच्या धक्क्याकडे धावत सुटलेल्या माणसाला हा फरक चांगलाच कळतो.

यात एक पाचर आहे. कामाला लागलेला वेळ सांगताना मात्र ‘इन’ आपल्या ‘-त’सारखाच वागतो. ‘हॉलला रंग दोन दिवसांत दिला’ म्हणजे ‘दे पेंटेड द हॉल इन टू डेज’, आणि ते अगदी बरोबर. लागलेला वेळ असेल तर ‘-त’ बरोबर ‘इन’. आजपासून मोजलेले अंतर असेल तर ‘-नी’ बरोबर ‘इन’. एकाच ‘इन’चे हे दुटप्पी वागणे लक्षात ठेवण्यापलीकडे इलाज नाही.

‘दोन दिवसांनी’ला ‘आफ्टर टू डेज’ ही दुसरी लोकप्रिय सवय. ती अगदीच अशुद्ध नाही, पण ऐकणाऱ्याला ती ‘दोन दिवस होऊन गेल्यावर कधीतरी’ अशी लागते. दाखल्याच्या पावतीवर ‘कलेक्ट आफ्टर थ्री डेज’ लिहिले तर ते योग्यच, कारण तिथे तोच अर्थ हवा असतो : तीन दिवसांच्या आधी येऊ नका, नंतर केव्हाही या. फोन करण्याचे वचन देताना मात्र ‘आफ्टर’ म्हणजे पळवाट वाटते. आणखी एक गोष्ट : तुम्ही ‘इन टू डेज’ अगदी शुद्ध लिहिलेत आणि वाचणारा आपल्यातलाच असेल तर तो ‘दोन दिवसांत’च वाचणार, नि उद्यापासून फोनकडे डोळे लावून बसणार. अशा वेळी शुद्धतेचा हट्ट सोडून सरळ वार लिहावा, ‘आय विल कॉल यू ऑन वेन्सडे’. वाराला प्रत्यय कुठला, हा वाद कुणी घालत नाही.

कायद्याच्या इंग्रजीत हे शब्द चवीने नव्हे, मापाने वापरलेले असतात. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये अर्जाला उत्तर देण्याची मुदत ‘विदिन थर्टी डेज ऑफ द रिसीट ऑफ द रिक्वेस्ट’ अशी आहे. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. म्हणजे अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, मग ते पाचव्या दिवशी आले तरी कायद्यात बसते. आणि दिवस मोजायचे कसे, याचे उत्तर आणखी जुन्या कायद्यात आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चे नववे कलम सांगते की केंद्रीय कायद्यात मालिकेतला पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ हा शब्द पुरे, आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ पुरे. म्हणून १ जूनपासूनची तीस दिवसांची मुदत मोजताना १ जून सोडायचा, २ जून हा पहिला दिवस, आणि तिसावा दिवस पडतो १ जुलैला. त्याच कायद्याचे दहावे कलमही ठाऊक असावे : मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते कोर्ट किंवा ती कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेले काम मुदतीत केलेले धरतात.

रोजच्या व्यवहारात मात्र ‘फ्रॉम’ने पहिला दिवस वगळला जात नाही. ‘लीव्ह फ्रॉम २४ टू २७ डिसेंबर’ म्हणजे चार दिवसांची रजा, दोन्ही टोके धरून. पण याच तारखा हॉटेलच्या बुकिंगमध्ये आल्या की त्या तीन रात्री होतात, आणि सत्तावीसला सकाळी पाहुणा बॅग घेऊन बाहेर. शब्द तेच, हिशेब वेगळा. नाताळाच्या आठवड्यात खोल्या देणाऱ्याने हा फरक गृहीत धरू नये. ‘फॉर थ्री नाइट्स’ लिहिले की वाद मिटतो.

‘पासून’चे दुखणे जुने आहे, तेवढेच सरळ. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ या दोन्हींना आपण एकच प्रत्यय लावतो. इंग्रजीत कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशा क्षणाला ‘सिन्स’, मापाला ‘फॉर’. सोमवारवर बोट ठेवता येते : ‘सिन्स मंडे’. तीन दिवसांवर ठेवता येत नाही, ते मोजावे लागतात : ‘फॉर थ्री डेज’ किंवा ‘फॉर द लास्ट थ्री डेज’. ‘सिन्स लास्ट थ्री डेज’ हे आपल्याकडच्या इंग्रजीचे जणू ओळखपत्रच झाले आहे. सोबत क्रियापदही बदलावे लागते. ‘नळाला सोमवारपासून पाणी नाही’मध्ये आपण वर्तमानकाळाने भागवतो, इंग्रजीत ‘देअर हॅज बीन नो वॉटर सिन्स मंडे’. पुढच्या सोमवारपासून काही सुरू व्हायचे असेल तर ‘सिन्स’ मुळीच नको, ‘फ्रॉम मंडे’.

‘दहा ते एक’ आणि ‘दहा ते एकच्या दरम्यान’. दुसऱ्या वाक्यातला ‘ते’ इंग्रजीत ‘टू’ होऊन बसतो आणि तयार होते ‘बिटवीन टेन टू वन’. जोड्या ठरलेल्या आहेत : फ्रॉम-टू, बिटवीन-अँड. अर्थही निराळा. ‘फ्रॉम १० टू १’ म्हणजे तीन तास सलग, ‘बिटवीन १० अँड १’ म्हणजे त्या तीन तासांत कधीतरी. गॅसवाला ‘बिटवीन’ येतो, कचेरी ‘फ्रॉम’ उघडी असते. दुपारी दुकान बंद ठेवून जेवून झोपणाऱ्या आपल्या बाजारपेठांना पाटीवर लिहायचे तर ‘ओपन फ्रॉम ९ टू १ अँड फ्रॉम ४ टू ८’ हे उत्तम. ‘क्लोज्ड टिल ४’ही चालते, पण चारला ती पाटी उलटायची आठवण राहिली पाहिजे.

‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’ सगळ्यांना येतात असे म्हटले, तरी त्यांच्या सांध्यावर पाय घसरतो. ‘सकाळी’ म्हणजे ‘इन द मॉर्निंग’, पण ‘सोमवारी सकाळी’ म्हटले की वार जिंकतो आणि ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होते. ‘रात्री’ मात्र ‘ॲट नाइट’. यात तर्क शोधू नये. तारखेसाठी आपल्याकडे एक घरचे मोजमाप आहे : जिथे मराठीत ‘रोजी’ शोभतो तिथे ‘ऑन’. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, ‘ऑन’. डिसेंबर १९६१ मध्ये, ‘इन’. ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले, पुन्हा ‘ऑन’. सणांनाही हेच लावून पाहा. ‘चवथीला घरी जातोय’ यातला ‘ला’ लबाड आहे. त्यातून एक दिवसही निघतो आणि अख्खी सुट्टीही. ‘चतुर्थी रोजी’ असा अर्थ असेल तर ‘ऑन गणेश चतुर्थी’. दीड, पाच, सात दिवस जेवढा गणपती तेवढा मुक्काम असेल तर ‘ड्युरिंग चतुर्थी’. नाताळचेही तसेच : २५ तारखेला ‘ऑन ख्रिसमस डे’, त्या दिवसांच्या धामधुमीत ‘ॲट ख्रिसमस’. शनिवार-रविवारला ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. दोन्ही चालते, फक्त एकाच पत्रात दोन्ही नकोत.

आणि जिथे काहीच लावायचे नसते तिथे आपण लावतो. ‘येत्या सोमवारी’तला ‘ई’ गप्प बसू देत नाही, मग ‘ऑन नेक्स्ट मंडे’. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’, ‘टुमॉरो’ यांच्याआधी प्रिपोझिशन येत नाही. शिवाय ‘नेक्स्ट मंडे’ स्वतःच संशयास्पद : येता की त्यापुढचा? मराठीत ‘येता’ आणि ‘पुढचा’ असे दोन शब्द असून आपण गोंधळतो, तिथे इंग्रजीला काय दोष द्यायचा. तारीख घाला. ‘आज संध्याकाळी’चे ‘टुडे इव्हिनिंग’ नव्हे, ‘धिस इव्हिनिंग’. ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. ‘टुमॉरो मॉर्निंग’ मात्र खुशाल लिहा.

एका ठिकाणी मराठी आणि इंग्रजी चक्क हातात हात घालून चालतात, तेही सांगायला हवे. ‘वेळेवर’ म्हणजे ‘ऑन टाइम’, ‘वेळेत’ म्हणजे ‘इन टाइम’. ‘वर’ला ‘ऑन’, ‘त’ला ‘इन’, प्रत्ययाला प्रत्यय. गाडी मडगावहून वेळेवर सुटली, ‘ऑन टाइम’. आपण स्टेशनवर वेळेत पोचलो म्हणून ती मिळाली, ‘इन टाइम फॉर द ट्रेन’.

आता बैठका. ‘बैठक सोमवारी ठेवली आहे’ याचे ‘द मीटिंग इज शेड्यूल्ड ऑन मंडे’ सर्रास होते आणि आपल्याकडे कुणाला खटकत नाही. पण ‘शेड्यूल्ड’ला जवळचा ‘फॉर’ : ‘शेड्यूल्ड फॉर मंडे’, ‘शेड्यूल्ड फॉर १० ए.एम. ऑन मंडे’. कारण असे, की ‘ऑन’ क्रियापदाला चिकटतो आणि ती क्रिया कधी घडली ते सांगू लागतो. ‘द इंटरव्ह्यू वॉज शेड्यूल्ड ऑन मंडे’ यातून मुलाखत सोमवारी होती की मुलाखतीची तारीख सोमवारी ठरली, हे कळत नाही. ‘पोस्टपोन’मध्ये हा धोका जास्त. शुक्रवारवर ढकललेल्या नाटकाच्या तालमीला ‘पोस्टपोन्ड ऑन फ्रायडे’ लिहिले तर अर्थ होतो, ढकलण्याचा निर्णय शुक्रवारी झाला. हवे ते ‘पोस्टपोन्ड टू फ्रायडे’. दोन्ही टोके सांगायची तर ‘फ्रॉम वेन्सडे टू फ्रायडे’, आणि नुसते अंतर सांगायचे तर ‘बाय टू डेज’. मराठीत ‘दोन दिवस पुढे ढकलली’मध्ये अंतराला प्रत्ययच नसतो, म्हणून हा ‘बाय’ हमखास गळतो.

त्याहून मोठा खड्डा ‘पुढे’ या शब्दात आहे. आपल्याला ‘पुढे’ म्हणजे नंतर. बुधवारची तालीम दोन दिवस पुढे गेली म्हणजे शुक्रवारी, यात मराठी माणसाला शंका नाही. तो ‘पुढे’ उचलून ‘मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज’ लिहितो. इंग्रजी बोलणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी विचारून पाहिला आहे : बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ नेली, तर ती कधी? काही म्हणतात सोमवारी, काही म्हणतात शुक्रवारी. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ला मात्र एकच अर्थ, अलीकडे आणणे : ‘ब्रॉट फॉरवर्ड टू मंडे’. आणि ‘पुश बॅक’ ऐकायला मागे नेल्यासारखे असले तरी अर्थ पुढे ढकलणे. थोडक्यात दिशांचे शब्द आपल्या अगदी उलट पडतात, तेव्हा ते टाळून ‘पोस्टपोन्ड टू’ लिहावे. आधी घेतली असेल तर ‘प्रीपोन्ड’ला मी तरी हसणार नाही. भारतात तो शब्द शंभर टक्के कळतो. परदेशी पाहुण्याला लिहिताना तेवढा बाजूला ठेवून ‘ब्रॉट फॉरवर्ड’ वापरावा, सोबत नवी तारीख.

एक अख्खा मेलच समोर ठेवतो. किनारपट्टीवरच्या छोट्या गेस्ट हाउसने पाहुण्याला लिहिला आहे असे समजा :

‘युअर बुकिंग इज कन्फर्म्ड ऑन २४ डिसेंबर टिल २७ डिसेंबर. चेक-इन इज ऑन २ पी.एम. प्लीज पे द बॅलन्स टिल १५ डिसेंबर. वुई विल कॉल यू आफ्टर टू डेज. द पूल इज क्लोज्ड सिन्स लास्ट वन वीक अँड विल नॉट ओपन बाय २० डिसेंबर.’

पाहुण्याच्या बाजूने वाचा. बुकिंग पक्के होण्याचे काम २४ तारखेला होणार की काय? पैसे १५ तारखेपर्यंत हप्त्याहप्त्याने देत राहायचे? फोन नक्की कुठल्या दिवशी? आणि शेवटचे वाक्य तर धंदा बुडवणारे : पूल वीसला उघडणार आहे हे सांगायचे होते, पण ‘नॉट बाय’मुळे पाहुणा समजतो की वीसपर्यंतही उघडणार नाही, मग चोविसाचा काय भरवसा. ‘सिन्स लास्ट वन वीक’ त्यामानाने निरुपद्रवी. दुरुस्त मेल असा :

‘युअर बुकिंग इज कन्फर्म्ड फॉर थ्री नाइट्स, फ्रॉम २४ टू २७ डिसेंबर. चेक-इन इज फ्रॉम २ पी.एम. ऑन २४ डिसेंबर अँड चेक-आउट इज बाय ११ ए.एम. ऑन २७ डिसेंबर. प्लीज पे द बॅलन्स बाय १५ डिसेंबर. वुई विल कॉल यू ऑन वेन्सडे. द पूल हॅज बीन क्लोज्ड फॉर अ वीक अँड विल रीओपन ऑन २० डिसेंबर.’

चेक-इनला ‘ॲट’ऐवजी ‘फ्रॉम’ घातला आहे तो मुद्दाम. दोनच्या ठोक्याला सगळ्यांनी दारात यावे अशी अपेक्षा नसते, दोनपासून केव्हाही. तसेच खोली सोडायला ‘बाय’, म्हणजे अकराच्या आत. आधी वेळ, मग तारीख, हा क्रमही पाळावा. ठोक्याचा आग्रहच असेल तर ‘ॲट १० शार्प’ लिहावे, ‘ॲट शार्प १०’ नव्हे. आणि ‘दहापर्यंत येतो’ हे आपण ‘दहाच्या सुमारास’ या अर्थानेही म्हणतो, त्याला ‘अराउंड १०’ लागतो. ‘बाय १०’ म्हटलेत तर दहा वाजून पाच मिनिटांनी तुम्ही उशिरा आलेले असता.

राहिली रात्रीची बारा. ‘बाय मिडनाइट ऑन फ्रायडे’ यातली मध्यरात्र गुरुवार संपतानाची की शुक्रवार संपतानाची, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि ‘१२ ए.एम.’ लिहिल्याने ते सुटत नाही, वाढते. ऑनलाइन अर्जाची मुदत द्यायची असेल तर ‘बाय ११:५९ पी.एम. ऑन फ्रायडे’ लिहावे. दुपारच्या बारालाही ‘१२ पी.एम.’ऐवजी ‘१२ नून’ बरे. जेवणाच्या वेळेबद्दल गोव्यात कुणाच्या मनात शंका राहता कामा नये.